व्हाइट मेटलचं काम

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये फोर्डच्या 'मॉडेल टी'चं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवलं होतं. बाकीची गाडी बाहेर पत्र्याच्या आडोशाला. दोन माणसांपुरती एकच सीट, वर घडीचा कापडी टप, बाजूंना काचा नाहीत. रनअबाउट म्हणतात हिला. मालक मुंबईचे, पण गाडी इथवर आली ती चाचांसाठी. चाचांचं आयुष्य जिनिंगच्या शाफ्टांत आणि विहिरींवरच्या जुन्या ऑइल इंजिनांत गेलं. तिथं व्हाइट मेटलची बेअरिंगं असत. ती ओतणारा माणूस आता शोधावा लागतो.

"पोरं म्हणतात, चाचा, तयार शेल टाका अन् मोकळे व्हा," ते म्हणाले. "ह्याला शेल बसवायला जागा तर पाहिजे. बघा की."

कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकातलं जुनं मेटल त्यांनी आच देऊन गाळून टाकलं. आतलं पोलाद घासून पांढरं केलं आणि त्यावर कथलाची कल्हई चढवली. पातेल्याला करतात तीच. कल्हई कुठं एक ठिपकाभर जरी सुटली, तरी तिथं मेटल धरत नाही, म्हणून चाचा रॉड उजेडात फिरवून फिरवून बघत होते. मग मधे बसवायच्या लोखंडी दांडीला चिमणीची काजळी धरली, म्हणजे मेटल दांडीला चिकटणार नाही. रॉड आणि दांडी दोन्ही गरम ठेवायची. थंड लोखंडावर ओतलं तर मेटल थरांत गोठतं आणि पुढं पापुद्रे निघतात.

कढईतल्या मेटलमध्ये कथील जास्त, बाकी अँटिमनी आणि तांबं. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिरानं 1839 मध्ये काढलेला हा प्रकार. शेडमध्ये तापमापक दिसला नाही. चाचांनी लाकडाची काडी बुडवली. ती पेट न घेता तपकिरी झाली आणि त्यांनी पोऱ्याला "हं" म्हटलं. ओतताना धार तुटू द्यायची नाही, एवढं एकच पथ्य. त्या वेळात शेडमध्ये कुणी बोललं नाही.

खरं काम त्यानंतरचं. क्रँकवर निळा रंग अगदी पुसट लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढायचा. निळं लागलं तिथं मेटल उंच. तेवढंच स्क्रेपरनं खरवडायचं, पुन्हा निळं, पुन्हा फिरवणं. पहिल्यांदा दोनच ठिपके उठले, संध्याकाळी जवळजवळ सगळा पृष्ठभाग निळसर झाला. जोडात पितळेच्या पातळ पत्र्या घातल्या होत्या. पुढं बेअरिंग झिजलं की एक पत्री काढायची आणि बोल्ट कसायचे. हे मालकानं स्वतः, झाडाखाली बसून करावं, अशीच योजना होती.

मला ही गाडी आवडली ती इथं. 1 ऑक्टोबर 1908 ला ती बाजारात आली आणि 1927 पर्यंत दीड कोटीहून जास्त बनली. फिरत्या साखळीवर जोडणी सुरू झाल्यावर रनअबाउटची किंमत 1909 च्या 825 डॉलरवरून 1925 मध्ये 260 डॉलरवर आली. हिंदुस्थानात येणाऱ्या फोर्ड गाड्या मुख्यतः कॅनडातल्या कारखान्याच्या, उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या. 260 डॉलर म्हणजे तेव्हाच्या सातशे रुपयांच्या घरात. बोटीचं भाडं आणि जकात वेगळी. जालना तर निजामाच्या मुलखात, म्हणजे तिथली जकात निराळी आणि रुपयासुद्धा हाली सिक्क्याचा. अमेरिकेतला शेतकरी ही गाडी घेऊ शकत होता. आमच्याकडच्या कापूसवाल्या कुणब्याला ती स्वप्नातही नव्हती. स्वस्त गाडी म्हणून तिचं कौतुक करताना हे मी विसरत नाही.

इंजिनात ऑइलपंप नाही. चुंबकं लावलेलं फ्लायव्हील तेल उडवतं, त्यातलं थोडं नळीनं पुढं जातं. पाण्यालाही पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं. पेट्रोल सीटखालच्या टाकीतून उतारानं येतं. टाकी अर्धीमुर्धी असली की मोठ्या चढावर इंजिनाला पेट्रोल पोचत नाही आणि चढ रिव्हर्समध्ये काढावा लागतो.

इंजिन चढवल्यावर सुरू करण्याचा सोपस्कार. हँडब्रेक मागं ओढलेला आहे ना, आधी ते बघायचं. नाहीतर सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर येते. स्टीअरिंगखाली दोन दांडे. डावा स्पार्कचा, तो पूर्ण वर. उजवा रेसचा, तो थोडा खाली. किल्ली फिरवली आणि लाकडी डब्यातली एक कॉइल भुणभुणायला लागली. पोऱ्यानं हँडल मुठीत धरलं तसे चाचा ओरडले, "अंगठा बाहेर! बोटांच्या बाजूला घे. अन् वर ओढ, खाली दाबू नको." स्पार्क पुढं राहिला तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं.

इंजिन धरलं. आवाज ट्रॅक्टरपेक्षा खूपच हलका.

मालकांच्या ड्रायव्हरची मात्र पंचाईत झाली. पायाशी तीन पेडल, पण डावं दाबलं की पहिला गिअर, सोडलं की टॉप, मधल्या मधे न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. सवयीनं त्यानं ब्रेक म्हणून मधलं दाबलं. गाडी थांबली, कारण पुढं जाताना रिव्हर्सचा पट्टासुद्धा गाडीला आवरतोच. पण पाय न काढल्यानं ती लगेच मागं निघाली. शेडच्या दारातले सगळे बाजूला पळाले.

ट्रकवर चढवताना चाचांनी गाडी मुद्दाम उलटी लावली. टाकीत पेट्रोल भरपूर होतं. पण पहिल्या गिअरपेक्षा रिव्हर्सला ओढ जास्त, असं म्हणून ते स्वतः सीटवर बसले आणि फळ्यांवरून गाडी मागं मागं वर नेली. मग खाली उतरून ड्रायव्हरला उरलेल्या पितळी पत्र्यांची पुडी दिली आणि पहिले काही दिवस टॉपमध्ये रेस वाढवायची नाही, असं दोनदा बजावलं.