कपाटामागची काळी बुरशी

श्रावण सरता सरता कपाट पुढे ओढलं की मागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात. लगेच कोरडा झाडू मारू नका; बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. खिडकी उघडा, एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला, भिंत आधी ओली करा, मग साबणाच्या पाण्याने घासून कोरडी पुसा. ब्लीच वापरलंच तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगरचंही तेच. वरून रंग फासणं हा आपला लाडका उपाय, पण पुढे पोपडे सुटतातच. मूळ दुखणं ओल : गळका पाइप, गच्चीची भेग. ते आधी दुरुस्त करा. दम्याच्या माणसाला मात्र या कामाला लावू नका.