शस्त्रधारी नागरिक आणि माघारीचे शिक्षण

अमेरिकेत सामान्य नागरिकाला भरलेले पिस्तूल कपड्यांआड बाळगून बाजारहाट करता येतो, आणि या मुभेची घटनात्मक मुळे १७९१ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत असली, तरी तिचे आजचे रूप गेल्या दोन दशकांतच घडले आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात हा हक्क घराच्या उंबऱ्याबाहेरही लागू केला. त्यामुळे ‘शस्त्र बाळगण्याची विशेष गरज सिद्ध करा, मगच परवाना मिळेल’ ही न्यू यॉर्कसारख्या राज्यांची अट रद्द झाली. शस्त्र कोणाला द्यावे या वादावर अमेरिकेत अमाप लिहिले गेले आहे. ज्याच्या कमरेला ते आधीच आहे त्याने काय शिकावे, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष होते, आणि असे शिक्षण म्हणजे नेमबाजीचा सराव, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः या विषयातील जाणत्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमात नेमबाजी हा सोपा भाग मानला जातो. अवघड भाग असतो तो भांडणातून अंग काढून घेण्याचा.

नागरिकांसाठीच्या आधुनिक पिस्तूल प्रशिक्षणाला शिस्त लावण्याचे बरेचसे श्रेय मरीन दलातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांना दिले जाते. त्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोना राज्यातील पॉल्डन येथे सुरू केलेली संस्था आज गनसाइट या नावाने ओळखली जाते. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे, जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये आणि लक्ष्य कोणते व त्याच्यामागे काय आहे हे ओळखल्याखेरीज गोळी झाडू नये, हे त्यांचे चार नियम आजही जगभर शिकवले जातात. त्यांनी प्रचारात आणलेली रंगसंहिता मात्र अधिक विचारात घेण्याजोगी आहे. या संहितेत पांढरा रंग गाफीलपणाचा, पिवळा सैल पण जागत्या सावधपणाचा, नारिंगी विशिष्ट माणसावर किंवा हालचालीवर लक्ष केंद्रित झाल्याचा, तर लाल हा ‘समोरच्याने अमुक मर्यादा ओलांडली तर लढायचे’ असा निश्चय झाल्याचा द्योतक आहे. हे रंग धोक्याची पातळी सांगत नसून मनाची तयारी सांगतात, याबद्दल कूपर आग्रही होते. या भेदाचा व्यावहारिक अर्थ असा की पिवळ्या अवस्थेत वावरणाऱ्याला संकट दुरून दिसते, दुरून दिसले की वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की रस्ता ओलांडून पलीकडे जाणे शक्य होते. पांढऱ्या अवस्थेतून एकदम दचकून जागे होणाऱ्याच्या हाती पिस्तुलाशिवाय काहीच उरत नाही.

कायद्याची बाजूही याच दिशेने जाते. अमेरिकेतील राज्यांचे कायदे एकमेकांपासून बरेच वेगळे असले, तरी प्राणघातक बळाचा वापर समर्थनीय ठरण्यासाठी साधारणपणे सारख्याच कसोट्या लावल्या जातात: आगळीक स्वतःकडून झालेली नसावी, धोका त्याच क्षणी अंगावर आलेला असावा, वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणात असावे आणि त्या परिस्थितीत कोणाही समंजस माणसाला तसेच वाटले असते असे म्हणता यावे. काही राज्यांत यात सुरक्षितपणे निघून जाणे शक्य असेल तर निघून जावे, या ‘माघारीच्या कर्तव्याची’ भर पडते. फ्लोरिडाने २००५ मध्ये हे कर्तव्य काढून टाकले आणि पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. लोकांच्या बोलण्यात हा कायदा ‘स्टँड युवर ग्राउंड’, म्हणजे जागचे न हलण्याची मुभा, या नावाने रूढ आहे. या नावानेच मोठा गैरसमज पसरवला आहे. मागे हटण्याची सक्ती गेली म्हणजे बाकीच्या कसोट्याही गेल्या, असे अनेकांना वाटते.

तो गैरसमज किती महागात पडतो हे याच फ्लोरिडातील क्लिअरवॉटर शहरात जुलै २०१८ मध्ये दिसले. एका दुकानाबाहेर अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी उभी होती आणि परवानाधारक शस्त्र बाळगणाऱ्या एका गृहस्थाने त्यावरून गाडीतल्या स्त्रीशी हुज्जत सुरू केली. तिचा जोडीदार दुकानातून बाहेर आला, त्याने या गृहस्थाला जोराने ढकलून जमिनीवर पाडले, आणि पडलेल्याने बसल्या जागी पिस्तूल काढून गोळी झाडली. त्यात तो जोडीदार मरण पावला. स्थानिक शेरीफने आरंभी वरील कायद्याकडे बोट दाखवून अटक केली नाही. परंतु पिस्तूल दिसताच समोरचा माणूस मागे सरकल्याचे दुकानाच्या कॅमेऱ्याने टिपले होते, आणि सरकारी वकिलांनी खटला भरल्यावर ज्युरीने ऑगस्ट २०१९ मध्ये आरोपीला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. शिक्षा झाली वीस वर्षांची. या घटनेत ढकलणाऱ्याची चूक नव्हती असे नाही. पण मुळात ज्या जागेशी त्या गृहस्थाचा काही संबंध नव्हता, तिच्यावरून तोंड उघडण्याचे त्याला कारण नव्हते, आणि कमरेला पिस्तूल असताना तर मुळीच नव्हते. निःशस्त्र माणसाचे भांडण फार तर धक्काबुक्कीवर थांबते; सशस्त्र माणसाच्या प्रत्येक भांडणात एक पिस्तूल आधीपासून हजर असते, आणि झटापटीत ते कोणाच्या हाती जाईल हेही सांगता येत नाही. म्हणूनच शस्त्र बाळगणाऱ्याने शिवी ऐकून घ्यावी, गाडीपुढे गाडी घालणाऱ्याला जाऊ द्यावे आणि आपली चूक नसतानाही क्षमा मागावी, असे शिक्षक सांगतात. हा उपदेश भित्रेपणाचा वाटला, तरी त्यामागे रोकडा हिशेब आहे.

वाद निवळवणे हे सौजन्याइतकेच शरीराच्या ठेवणीचेही तंत्र आहे. दोन्ही हात छातीसमोर, तळवे उघडे ठेवून अर्धवट वर धरावेत, एक पाऊल मागे घ्यावे, आवाज खाली आणावा आणि ‘मला भांडायचे नाही, मी निघालो’ असे आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा रीतीने म्हणावे. ब्रिटिश प्रशिक्षक जेफ थॉम्प्सन यांनी हातांच्या या ठेवणीला ‘कुंपण’ असे समर्पक नाव दिले. ती विनवणीसारखी दिसते, प्रत्यक्षात अंतर राखते, आणि साक्षीदारांच्या स्मरणात हा माणूस माघार घेत होता एवढे नक्की राहते. शब्दांच्या बाबतीत जॉर्ज थॉम्प्सन या इंग्रजीच्या प्राध्यापकाने पोलिसात गेल्यावर विकसित केलेली ‘व्हर्बल ज्युडो’ ही पद्धत प्रसिद्ध आहे. संतापलेल्या माणसाला ‘शांत हो’ असे फर्मावल्याने तो अधिकच भडकतो, त्याऐवजी त्याचे म्हणणे त्यालाच वेगळ्या शब्दांत ऐकवावे आणि अब्रू राखून बाजूला होता येईल अशी वाट त्याला मोकळी ठेवावी, असे ही पद्धत सांगते. पिस्तूल नुसते दाखवून धाक घालणे हा मात्र निवळवण्याचा मार्ग नव्हे. बऱ्याच राज्यांत तो स्वतंत्र गुन्हा आहे.

या तंत्रांनाही मर्यादा आहेत आणि प्रामाणिक शिक्षक त्या लपवत नाहीत. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरायला सरावलेल्या हातालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे या प्रयोगाचा ‘२१ फुटांचा नियम’ झाला आणि तेवढ्या अंतरातील सुराधारीवर गोळी झाडण्यास जणू मोकळीकच आहे असा अर्थ लावला गेला. खरे तर त्यातून निघणारा धडा उलट आहे: अंतर वाढवावे, मध्ये गाडी किंवा टेबल घ्यावे, दार गाठावे. शिवाय भीतीच्या भरात दृष्टी आक्रसते, आवाज ऐकू येईनासे होतात आणि बोटांची बारीक कामे बिघडतात, हे लक्षात घेतले तर कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीचा प्रत्यक्ष प्रसंगात किती भरवसा धरावा हा प्रश्नच आहे.

अशा प्रशिक्षणाने फरक पडतो का? पोलिसांच्या बाबतीत याचा चांगला पुरावा लुईव्हिल शहरातून आला असून, तेथे तणाव निवळवण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण दिल्यानंतर बळाच्या वापराच्या घटना २८ टक्क्यांनी आणि पोलिसांना होणाऱ्या दुखापती ३६ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पोलिसाला प्रसंग सोडून जाता येत नाही, नागरिकाला बहुधा जाता येते. तेव्हा नागरिकाला हे शिक्षण अधिकच उपयोगी पडायला हवे, असा तर्क करण्यास जागा आहे.

तरीही कायद्याचा प्रवाह राज्याराज्यांत भिन्न दिशांनी वाहतो आहे. न्यू यॉर्कने ब्रुएन निकालानंतर लगेच नवा कायदा करून १६ तासांचे वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला, आणि त्या वर्गांत वाद निवळवणे, पोलिसांशी गाठ पडल्यास कसे वागावे आणि आत्महत्या रोखणे या विषयांचा समावेश केला. शेवटचा विषय अनेकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. टेक्सासची कथा याच्या उलटी आहे. तेथील परवान्याच्या अभ्यासक्रमात अहिंसक मार्गाने तंटा सोडवण्याचा विषय कायद्यानेच नेमून दिलेला आहे, पण २०१३ मध्ये या अभ्यासक्रमाचा किमान १० तासांचा अवधी ४ ते ६ तासांवर आणला गेला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याचीच सक्ती गेली. २०२४ अखेर अशी विनापरवाना मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २९ झाली होती. ज्यांना हे शिक्षण सर्वाधिक हवे, त्यांनाच ते ऐच्छिक झाले.

भारतात शस्त्र परवाना हा हक्क नसून प्रशासनाने दिलेली सवलत आहे, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले आहे. बचावाच्या हक्काचे तत्त्व येथेही फारसे निराळे नाही: भारतीय न्याय संहितेच्या ३७ व्या कलमानुसार सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर खासगी बचावाचा हक्क उरत नाही आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, तर ४० व्या कलमानुसार शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती असेतोवरच टिकतो. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी क्लिअरवॉटरइतकीच कोल्हापुरातही अडचणीत आणू शकते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वा तेथे नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. ग्रीन कार्डधारकाला नागरिकाप्रमाणे शस्त्र विकत घेता येते, परंतु एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यासही मनाई आहे, मग राहते राज्य परवाना मागत असो वा नसो; आणि टेक्सासचा परवाना घेऊन न्यू यॉर्कला जाणाऱ्याने हे जाणून असावे की न्यू यॉर्क दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही.