उसन्या गाण्यांची उमेदवारी

ब्रिटनमधील एखाद्या मध्यम शहरात शनिवारी रात्री पबच्या मागील दालनात डोकावले, तर चारपाच तरुण गिटार आणि ड्रम घेऊन गाताना हमखास आढळतात. गाणी त्यांची नसतात. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छत्राबाहेर वाढलेल्या ‘इंडी’ गटांची गाजलेली गाणीच ते वाजवितात. उन्हाळ्यात एखाद्या महोत्सवात आडबाजूच्या मंचावर भर दुपारी त्यांना अर्धा तास मिळतो. ओळखीचे गाणे सुरू होताच श्रोते सूर मिसळतात; जाणकार मात्र नाक मुरडतात. ही निव्वळ नक्कल, यात कला कोठली, असा त्यांचा आक्षेप असतो.

आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु स्वतंत्र प्रतिभेचा मानदंड म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जाते, त्या बीटल्सचा पूर्वेतिहास निराळेच सांगतो. ऑगस्ट १९६० मध्ये लिव्हरपूलचे हे पाच तरुण जर्मनीतील हँबुर्गच्या एका क्लबात गाण्यासाठी गेले. त्यांच्यातील जॉर्ज हॅरिसन अवघा सतरा वर्षांचा होता. रोज साडेचार तास आणि शनिवारी-रविवारी सहा तास वाजवायचे, असा करार होता. एवढा वेळ भरून काढण्यास जवळची गाणी पुरेनात. तेव्हा चक बेरी, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स अशा अमेरिकन गायकांची मिळतील तेवढी गाणी त्यांनी गळ्यावर चढविली. श्रोता कोठे रमतो आणि कोठे कंटाळतो, हे त्यांना कोणत्याही विद्यालयात कळले नसते.

स्वतःच्या रचनेकडे ते वळले, त्यामागेही हीच उमेदवारी होती. लिव्हरपूलमधील सारेच गट तीच ती गाणी वाजवीत. आपली पाळी येण्यापूर्वी ती दुसऱ्याने वाजविलेली असत. जे दुसऱ्याला वाजविता येणार नाही, असे काही आपल्याजवळ हवे, या निकडीतून ते आपली गाणी अधिक नेटाने रचू लागले. तरीही १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीसमोर चाचणीसाठी गायिलेल्या पंधरा गाण्यांपैकी बारा इतरांचीच होती. कंपनीने त्यांना नाकारले. पुढील वर्षी निघालेल्या त्यांच्या पहिल्या दीर्घ तबकडीतील चौदा गाण्यांपैकीही सहा उसनी होती. मूल आधी दुसऱ्याने काढून दिलेले अक्षर गिरविते आणि मग स्वतःचे वळण कमावते. त्याला कोणी चोर म्हणत नाही. शिवाय मूळ रचनाकाराचा हक्कही येथे बुडत नाही. जागेच्या चालकाला सार्वजनिक वादनासाठी परवाना शुल्क भरावे लागते आणि त्यातून रचनाकारांना मानधन मिळते.

तेव्हा खरी चिंता नकलेची नसून, ती करण्याच्या जागांची आहे. ज्या तळघरात बीटल्स अडीचशेहून अधिक वेळा वाजले, तो लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या वायुविजन विवरासाठी पाडण्यात आला. ते विवर तेथे कधी झालेच नाही. पुढे १९८४ मध्ये त्याच ठिकाणी नवा क्लब उभारावा लागला. बीटल्सच्या जागेची ही गत, तर अनाम तळघरांची काय कथा!

आज जागांचे वाढते भाडे आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या सदनिकांतील रहिवाशांच्या तक्रारी या दुहेरी कात्रीत लहान क्लब सापडले आहेत. त्या रहिवाशांची झोपही मोलाची आहे, हे मान्य करावयास हवे. म्हणूनच इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ मध्ये घालण्यात आलेले तत्त्व न्याय्य वाटते: जो नंतर येऊन बांधकाम करील, त्यानेच आवाजाच्या बंदोबस्ताची तजवीज करावी. तत्पूर्वी २०१२ च्या कायद्याने लहान जागांतील संगीतावरील परवान्याचा जाच सैल केला होता. परंतु कायदा दार उघडे ठेवू शकतो. आत येऊन बसण्याचे काम श्रोत्यांचेच आहे.

मोठ्या मैदानातील महागड्या तिकिटासाठी रांग लावणाऱ्या रसिकाने महिन्यातून एखादी संध्याकाळ गावातल्या कच्च्या गटासाठी काढावी. त्यांतले बहुतेक तरुण पुढे निराळ्या व्यवसायात जातील आणि हौसेपुरतेच वाजवितील. तेही काही कमी नव्हे. पण एखाद्याला ज्या दिवशी उसने गाणे अपुरे वाटू लागेल, त्या दिवशी त्याचे पहिले स्वतःचे गाणे ऐकावयास समोर कोणीतरी बसलेले असले पाहिजे.