यंत्राऐवजी वाफ (लेखांक ६)
कारखानदार बॉयलर विकत घेतो, पण त्याला हवी असते वाफ. मुळशी तालुक्यातील पिरंगुट-उरवडे पट्ट्यासारख्या औद्योगिक भागात शीतपेये, औषधे, खाद्यपदार्थ यांच्या उत्पादनाला ती रोज लागते. बॉयलर विकणाऱ्याचा व्यवहार मात्र यंत्र पोहोचते झाल्यावर जवळजवळ संपतो. पुढे इंधन किती जळेल, हा घेणाऱ्याचा प्रश्न. वस्तू आणि सेवा एकत्र विकण्याच्या पद्धतीत ही जबाबदारीच बदलते. अनेकदा यंत्राची मालकी उत्पादकाकडेच राहते आणि ग्राहक मिळालेल्या उपयोगाचे पैसे मोजतो. ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने १९६२ मध्येच व्हायपर जेट इंजिनांच्या देखभालीसाठी उड्डाणाच्या तासावर दर लावला होता.

पुण्यात या पद्धतीचे ठळक उदाहरण थरमॅक्सचे आहे. १९६६ मध्ये वॉनसन इंडिया म्हणून सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये नाव बदललेल्या या कंपनीची ओळख बॉयलरमुळे. तिची उपकंपनी थरमॅक्स ऑनसाइट एनर्जी सोल्यूशन्स ग्राहकाच्या आवारात स्वतःच्या भांडवलाने बॉयलर उभारते, तो चालवते, इंधन आणते आणि पुरवलेल्या वाफेचे बिल लावते. इंधन बहुतांशी जैविक असते: भाताचे तूस, शेतातील काडीकचऱ्याच्या ब्रिकेट. मुळशीसारख्या भाताच्या आणि धो धो पावसाच्या मुलखात या इंधनाची अडचण सहज समजते. ओल्या तुसाची बरीचशी उष्णता त्यातलेच पाणी उडवण्यात जाते. हंगामात स्वस्त माल घ्यायचा, तो कोरडा ठेवायचा, राख उचलायची, नळ्यांवरची पुटे वेळेवर काढायची, ही कामे छोट्या कारखान्याला जड जातात. बॉयलरवरच पोट असलेली कंपनी ती मन लावून करते, कारण ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त जळालेले इंधन तिच्याच नफ्यातून जाते. कारखान्याचे भांडवलही मोकळे राहते.

तरीही अशा प्रत्येक करारातून पर्यावरणाचा लाभ होतोच असे नाही. संशोधक अर्नोल्ड टकर यांनी २००४ मध्ये या व्यवसायांचे तीन गट पाडले: वस्तूला सेवेची जोड, वस्तूचा भाड्याने वापर आणि थेट परिणामाची विक्री. मोठ्या सुधारणेची शक्यता त्यांना तिसऱ्या गटात दिसली. भाड्याची वस्तू तर निष्काळजीपणे वापरली जाण्याचीच भीती असते.

वाफेच्या विक्रीतही एक खोच आहे. मीटरच्या पलीकडे, ग्राहकाच्या पाइपांतून आणि बिघडलेल्या स्टीम ट्रॅपमधून (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपेतून) जी वाफ गळते, तिचेही पैसे पुरवठादाराला मिळतात. ती रोखण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. गळलेली वाफ पाणी होऊन बॉयलरकडे परतही येत नाही. म्हणून करारात वाफेच्या टनामागच्या दराइतकेच महत्त्व परत येणाऱ्या गरम पाण्याला, म्हणजे कंडेन्सेटला द्यायला हवे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंश सेल्सिअसने जास्त गरम असले, तर इंधन सुमारे १ टक्का वाचते. ही बचत ग्राहकाच्या बिलात सवलत म्हणून दिसली, तर गळती शोधण्याचे काम दोन्ही बाजूंना परवडते. किमान खरेदीची हमी आणि इंधनदराशी जोडलेली दरवाढ हे मुद्दे करारात त्यानंतर येतात.