'फायदा' नक्की कोणता?

कॅम्पस इंटरव्ह्यू चालू होता. मार्कशीट बघत पॅनलवरच्या सरांनी विचारलं, "एम-थ्री राहिला होता, मग सुटला कसा?" मी छातीठोकपणे सांगितलं, "आय टुक अ‍ॅडव्हान्टेज ऑफ माय रूम पार्टनर." तिघंही हसले. मला म्हणायचं होतं, 'रूम पार्टनरच्या मदतीचा फायदा झाला.' त्यांनी ऐकलं, 'बिचाऱ्याचा गैरफायदा घेतला.' ज्यानं रात्र-रात्र जागून इंटिग्रेशन शिकवलं, त्याचे आभार मानायला गेलो आणि स्वतःच लबाड ठरलो!

रूमवर येऊन डिक्शनरी उघडली. आपल्याला एक 'फायदा' सगळीकडे चालतो. इंग्रजीत मात्र चार शब्द आणि चौघांची कामं वेगळी.

प्रॉफिट म्हणजे नफा, मुख्यतः पैशातला. गॅदरिंगला वडापावचा स्टॉल लावला, खर्च 800, गल्ला 1000, तर प्रॉफिट 200.

गेन म्हणजे वाढ किंवा प्राप्ती. ती चांगलीच असेल असं नाही. मेसच्या भातानं वजन वाढतं तोही 'वेट गेन'च. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे पाठ असतं: आउटपुट भागिले इनपुट. व्होल्टेज गेन 10 असलेला अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर इनपुटवरची खरखरही 10 पट करतो. दोघांचं प्रमाण काही सुधारत नाही. गेन भरपूर, बेनिफिट शून्य!

बेनिफिट म्हणजे भलं होणं, आपला 'लाभ'. मूळ लॅटिन, अर्थ 'चांगलं करणं'. अंपायरला शंका असली की बॅट्समनला मिळतो तो 'बेनिफिट ऑफ डाउट'.

अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दुसऱ्याच्या तुलनेत सरस स्थिती. टेनिसमध्ये ड्यूसनंतरचा पॉइंट जिंकला की 'अ‍ॅडव्हान्टेज'. गेम अजून जिंकायचाच असतो. मेकॅनिकलवाल्यांचा 'मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्टेज' म्हणजेही भाराची लावलेल्या बळाशी तुलनाच. 'टेक अ‍ॅडव्हान्टेज ऑफ' हे संधीबद्दल, लायब्ररीबद्दल बिनधास्त म्हणा. माणसाबद्दल म्हटलंत की गैरफायदा!

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'फायदा' लिहायची वेळ आली की आधी स्वतःला विचारा: पैसे सुटले? काही वाढलं? कुणाचं भलं झालं? की दुसऱ्यापेक्षा पुढे गेलो? शब्द आपोआप सापडतो.

पुढच्या इंटरव्ह्यूला मी म्हटलं, "आय बेनिफिटेड फ्रॉम माय रूम पार्टनर्स हेल्प." कुणी हसलं नाही. पहिलं वाक्य मात्र त्याला अजून सांगितलेलं नाही. आता तो हे वाचेलच, म्हणून इथेच सांगतो: मित्रा, सॉरी आणि थँक्यू!