‘अत्यावश्यक सेवा’ म्हणजे नेमकी कोणती?

संप सुरू झाला की ‘मेस्मा (महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा) लावा’ ही मागणी लगेच होते. ज्या सेवेवाचून लोकांचे हाल होतात ती अत्यावश्यक, असा समज त्यामागे असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या मात्र बरीच मर्यादित आहे. जी सेवा थांबल्याने लोकांचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येते, तीच काटेकोर अर्थाने अत्यावश्यक. रुग्णालये, वीज, पाणीपुरवठा आणि हवाई वाहतूक नियंत्रण त्यात बसतात. बँका आणि सर्वसाधारण प्रवासी वाहतूक सहसा बसत नाहीत.

रुग्णवाहिका आली की वरातीला वाट मोकळी करावी लागते. म्हणून कोणी वरातींवरच बंदी घालत नाही; संपाचेही तसेच.

भारतात सरकारचे अधिकार अधिक व्यापक आहेत. राज्यघटनेच्या कलम १९ ने संघटना स्थापण्याचा हक्क दिला. संप हा मात्र मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये स्पष्ट केले. याचा अर्थ प्रत्येक संप बेकायदा असा नव्हे. औद्योगिक कामगारांना कायद्याने संपाची मुभा आहे, पण नोटिशीसारख्या अटींसह. मेस्मा वापरून राज्य सरकार ठराविक सेवेतील संपाला ठराविक काळ मनाई करू शकते. मार्च २०१८ मध्ये तो अंगणवाडी सेविकांना लावला गेला. विधिमंडळातील गदारोळानंतर त्याला स्थगिती मिळाली.

संपाचा मार्ग बंद करायचाच तर त्याची भरपाई म्हणून निःपक्ष आणि जलद लवाद (तिऱ्हाइताकडून निवाडा) हवा, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सांगते. तो निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असावा, अशीही तिची अपेक्षा आहे.