तीन शौचालये आणि सरकारी तिजोरी

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किलोमीटरवर गोलबर्न हे लोकरीच्या व्यापारावर वाढलेले शहर आहे. १९६२ च्या जुलैत तेथील कॅथॉलिक शाळांनी 'संप' पुकारला. तो वेतनासाठी नव्हता, शिक्षकांचाही नव्हता. निमित्त म्हटले तर क्षुल्लक. एका कॅथॉलिक प्राथमिक शाळेने आणखी तीन शौचालये बांधावीत, असा सरकारी आदेश आला आणि शाळेजवळ पैसा नव्हता. तेव्हा साहाय्यक बिशप जॉन कलिनेन व पालक यांनी शहरातील सर्वच कॅथॉलिक शाळा बंद करून मुले सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभी केली. मुले सुमारे २,०००. जागा मिळाली ६४० जणांना. आठवड्याभरात शाळा पुन्हा उघडल्या. पदरात लगेच काही पडले नाही. परंतु चर्चच्या शाळा बंद पडल्यास सरकारवर केवढा भार येईल, हे साऱ्या देशाने पाहिले.

या गाऱ्हाण्याची मुळे जुनी होती. न्यू साउथ वेल्सने १८८० च्या कायद्यान्वये धर्मपंथीय शाळांचे अनुदान थांबविण्याचे ठरविले आणि १८८२ अखेर ते बंदही झाले. त्यापुढे कॅथॉलिक शाळा चालल्या त्या जवळजवळ विनावेतन राबणाऱ्या जोगिणींच्या व धर्मबंधूंच्या बळावर. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, पोलंड, माल्टा येथून कॅथॉलिक कुटुंबे आली, वर्ग दाटीवाटीने भरले आणि ही जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली. कर सर्वांबरोबर भरायचा आणि स्वतःच्या शाळेचा खर्चही सोसायचा, ही पालकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

१९६३ च्या निवडणुकीत पंतप्रधान मेंझीस यांनी शाळांना विज्ञान प्रयोगशाळांसाठी मदत देण्याचे वचन दिले व १९६४ मध्ये तसा कायदा झाला. खरी मेख येथेच आहे. दार ठोठावले ते गरीब शाळांनी. पण ते उघडताच आत शिरल्या त्यात विस्तीर्ण मैदाने व भारी शुल्क असलेल्या, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन परंपरेतल्या संपन्न शाळाही होत्या. १९६६ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स जिच्या टिंबरटॉप शाखेत शिकले, ती जिलाँग ग्रामर याच वर्गातली. गरजेचा युक्तिवाद बघता बघता हक्काचा झाला! १९७३ च्या कार्मेल समितीने सर्वांत संपन्न शाळांचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली; संसदेतील तडजोडीनंतर ते चालूच राहिले. असे अनुदान म्हणजे राज्यघटनेच्या ११६ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली धर्मस्थापना होय, हा दावाही उच्च न्यायालयाने १९८१ मध्ये फेटाळला. सहा न्यायमूर्ती एका बाजूला, न्या. मर्फी एकटे दुसऱ्या बाजूला.

आज ऑस्ट्रेलियातील एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी बिगरसरकारी शाळांत शिकतात. या शाळा अनुदान घेतात, शुल्क आकारतात आणि विद्यार्थी निवडण्याची मोकळीकही बऱ्याच अंशी राखतात. त्याहून गंभीर गोष्ट शिक्षकांच्या भाकरीची आहे. १९८४ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने धार्मिक शाळांना सवलत दिली. तिच्या आधारे समलिंगी शिक्षकाला किंवा विवाहाविना संसार करणाऱ्या शिक्षिकेला, पंथाच्या शिकवणुकीचे कारण दाखवून, कामावरून दूर करता येते. २०२४ मध्ये संसदेपुढे आलेल्या विधी सुधारणा आयोगाच्या अहवालाने ही सवलत रद्द करण्याची शिफारस केली, आणि चर्चच्या अनेक संस्थांनी तिला कडाडून विरोध केला. तीन शौचालये सक्तीने बांधावयास लावण्याचा सरकारचा अधिकार १९६२ मध्ये, एक पैचे अनुदान नसतानाही, कोणी नाकारला नव्हता.